पोत्याखालचा लाल कोबा

स्वयंपाकघराची फरशी उभं राहून निवडू नये. हे मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो आणि तीस वर्षं कुणी ऐकलं नाही. दुकानात टाइल भिंतीला टेकवून ठेवलेली असते, वरून दिवा सोडलेला असतो, बाई लांब उभं राहून म्हणतात, "किती गोड दिसतेय!" अहो, पण घरी गेल्यावर ती भिंतीवर राहणार नाही. ती पायाखाली येणार, तिच्यावर मोहरीचं तेल सांडणार, हळद सांडणार, आणि कोलकात्यात असाल तर आठवड्यातून चार दिवस मासळीचं पाणी. म्हणून मी दुकानात टाइल जमिनीवर ठेवायला लावायचो आणि शेजारी मांडी घालून बसायचो. दुकानदार हसायचे. हसू देत. बसल्यावर कळतं की चकाकी डोळ्यात जाते का, ओला हात टेकला तर सटकतो का, खरखरीत भागात घाण अडकून बसेल का.

मी मूळचा सांगलीचा. एका टाइल कंपनीचा विक्रेता म्हणून इकडे आलो, पुढे नोकरी सोडून जुन्या घरांच्या फरश्या दुरुस्त करायची, बदलायची कंत्राटं घेऊ लागलो, आणि डमडमला घर करून इथलाच झालो. आता दोन वर्षं झाली, कामं घेणं बंद केलंय. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मंजिरीताई गेली तीन वर्षं मागे लागल्या होत्या. "तुमचे अनुभव लिहा हो, आणि तो 'काल'चा विनोद नक्की घाला!" म्हणाल्या. मंडळातल्या जुन्या लोकांना तो विनोद पाठ आहे. कोजागिरीला दूध आटेपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "काका, काल सांगा ना काल!" नवीन माणसांसाठी इथे सांगतो, आणि तो विनोद नव्हता हेही सांगतो. लिहायला बसलो ते त्याचसाठी.

पण आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. एकांना फरशी बदलायची असते, एकांना वाचवायची. बदलणारे सोपे, फक्त चिवट. साल्ट लेकमध्ये एक निवृत्त हिशेबतपासनीस होते, बागचीबाबू. त्यांनी माझ्याकडून टाइलचे नऊ नमुने घरी नेले, गच्चीवर ओळीने मांडले, प्रत्येकावर एक चमचा तेल, एक चिमूट हळद आणि माशाच्या कालवणाचा थेंब टाकला आणि वहीत निरीक्षणं लिहिली. मग ओल्या नमुन्यांवरून बायकोला चालायला लावलं. ती बिचारी साडी उचलून चालतेय आणि हे विचारतायत, "घसरतंय? किती घसरतंय? जरा की फार?" शेवटी ती तिसऱ्या नमुन्यावर थांबून म्हणाली, "घसरत नाहीये, पण मी आता खाली चाललेय." तिसरा नमुना बसवला. आजही छान आहे.

गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एक देशपांडे वहिनी होत्या. त्यांना शहाबादीच हवी. "माहेरी आहे तशी." मी म्हटलं, वहिनी, इथे चांगली शहाबादी आणायची कुठून, कोटा घ्या, तीही थंड, तीही दगडी. त्या म्हणाल्या, "रंग वेगळा आहे." सहा महिने अडून बसल्या, आणि काम सुरू व्हायच्या आठवड्यात साहेबांची बदली झाली. धंद्यात असंही होतं.

वाचवणारी गिऱ्हाइकं मात्र अवघड. कोलकात्याच्या जुन्या घरांत लाल जमीन असते. आपल्याकडे कोबा म्हणतात ना, तोच, पण लाल. सिमेंटमध्ये लाल ऑक्साइड मिसळून वरचा पातळ थर देतात, आणि तो ओला असेपर्यंत तासन्‌तास थापीने घोटतात. कडेने काळी पट्टी. मग ती जमीन ओल्या पोत्यांखाली झाकून आठ-दहा दिवस सतत पाणी पाजायचं. पाजायचं म्हणजे पाजायचंच, एक दिवसही खाडा नाही. कोवळा थर उन्हाळ्यात कोरडा पडला की केसाएवढ्या भेगा सुटतात. नीट पाणी प्यालेली जमीन मात्र पन्नास वर्षं जाते आणि जितकी पुसावी तितकी तुकतुकीत होते. पुढे ती कुठे फुटली, गॅसच्या पाइपसाठी खणली, की तेवढ्याच तुकड्याचं ठिगळ लावायचं असतं. ठिगळाचा लाल आणि जुना लाल जुळणं म्हणजे महाकर्मकठीण. ते जुळवणारी माणसं सगळ्या शहरात बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यांतला एक माझ्याकडे होता. निताई मंडल, राहणार बजबज.

निताई माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला निताईदा म्हणायचो, तो मला दादा म्हणायचा. घरी बोलताना मात्र माझ्या तोंडी कायम 'तो'. माझी बायको शुभदा त्याला 'ते' म्हणायची. "ते आलेत," "त्यांना चहा दिला." पहिल्या दिवसापासून. मला ते खटकायचं. आता लिहितोच आहे तर सगळंच लिहितो. मी त्या माणसावर जळत होतो.

सुरुवात झाली ती मित्रबाईंच्या घरी, मित्र हे त्यांचं आडनाव. भवानीपूरला राहायच्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, घर जुनं. स्वयंपाकघरातल्या लाल जमिनीत पाइपवाल्यांनी आडवा चर खणून ठेवला होता. मी सगळी मापं घेतली, टाइलचे नमुने दाखवले, रंग जुळणार नाही हे शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. चांगला तासभर बोललो. निताई तोवर कोपऱ्यात उकिडवा बसून चराच्या कडेवर बोट फिरवत होता. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही काय म्हणता?" तो म्हणाला, "होईल."

एवढंच. होईल.

त्याने रंगीत सिमेंटच्या मालाच्या सात टिकल्या केल्या, प्रत्येकीत रंग कणभर कमीजास्त. खिडकीत ओळीने वाळत ठेवल्या. ओला लाल वेगळा दिसतो आणि वाळल्यावर वेगळाच, म्हणून घाई चालत नाही. पाच दिवसांनी येऊन त्याने चौथी उचलली. ठिगळ लावलं, पाणी पाजलं, मग खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसलं. मी गुडघ्यावर बसून शोधत होतो, चर नेमका कुठे होता ते मला सापडेना. बाईंनी त्या दिवशी पायेश केलं होतं, म्हणजे बंगाली खीर. पहिली वाटी निताईला. शेजारच्यांना बोलावून जमीन दाखवली, आणि माझी ओळख करून दिली ती अशी : "हे निताईबाबूंच्या बरोबर आलेत."

बरोबर आलेत! काम मी मिळवलेलं, माणूस मी आणलेला, सिमेंट मी पोचवलेलं, आणि मी बरोबर आलेला! ती खीर मला गोडच लागली नाही.

मग हे ठरूनच गेलं. गिऱ्हाईक फोन मला करायचं आणि विचारायचं, "निताईबाबू कधी मोकळे आहेत?" मी एकदा गुपचूप स्वतः करून पाहिलं. होय, हसा! निताईची प्रमाणं मला पाठ होती, त्याचं घोटणं मी शंभरदा पाहिलेलं. आमच्या गच्चीवर हातभर जागेत मी एका रविवारी लाल कोबा घातला. वाळल्यावर तो पिकलेल्या भोपळ्यासारखा दिसायला लागला, त्यात मधे मधे पांढरे ढग. माझे हात दोन दिवस लाल. शुभदा म्हणाली, "हे काय हो, एकट्यानेच होळी खेळलात?" दुसऱ्या दिवशी मी छिन्नी घेऊन तो तुकडा काढून टाकला.

आता माझ्या घराकडे येतो. कंत्राटदाराच्या घरची फरशी कधी पाहिलीय तुम्ही? आमच्या स्वयंपाकघरात चार तऱ्हेच्या टाइल होत्या, सगळ्या गिऱ्हाइकांकडच्या उरलेल्या. ओट्यापाशी करड्या, दारापाशी बदामी, मधे एक निळ्या फुलांची, आणि मोरीपाशी ज्या होत्या त्यांना रंग असा नव्हताच. शुभदा दहा वर्षं त्यावर वावरली. बारा वर्षांपूर्वी घराचं काम काढलं तेव्हा मी म्हटलं, आता तुझ्यासाठी उत्तमातली उत्तम आणतो. तीन नमुने घरी आणले, जमिनीवर मांडले, तिला बसवलं. तिने तिन्हींवर हात फिरवला, चांगल्या आहेत म्हणाली, आणि मग म्हणाली, "मला लाल जमीन हवी. निताईदांच्या हातची."

"टाइलला काय झालं?"

"काही नाही झालं. मला ती हवी."

"अगं, लोक लाल काढून टाइल घालतायत!"

"घालू देत. आणि हे बघा, रागावू नका, तुम्ही माणसं आणता, काम ते करतात. मला त्यांचं काम हवंय माझ्या घरात."

तिच्या मनात वाकडं काहीच नव्हतं. खरं होतं तेच बोलली. पण खरं होतं म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निताई आला. काम चाललं ते चार दिवस शुभदा स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसून होती. रंग कसा कालवता, थापी तिरकी का धरता, मधेच पाणी का शिंपडता, नाना प्रश्न. माझ्या कामाबद्दल तिने आयुष्यात एवढं विचारलं नव्हतं. तोही तिला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत रंगात येऊन सांगत होता, "बौदी, हे बघा, आता आवाज बदलला ना? म्हणजे माल धरायला लागला." ती म्हणायची, "हो हो, बदलला!" मला तर आवाज एकसारखाच येत होता. दुपारी त्याला साबुदाण्याची खिचडी. तो बोटं चाटून म्हणाला की असं त्याने कधी खाल्लं नव्हतं. ही खूश. मी बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसलो होतो आणि एक अक्षर वाचत नव्हतो.

जमीन झाली. काय झाली होती हो! डाळिंबाच्या दाण्यासारखी, कडेने काळी पट्टी सुतात ओढलेली. वर पोती अंथरली, भिजवली. बजबजच्या तागाच्या गिरणीतली जाड पोती, निताई घरून आणायचा. शुभदाने ती जमीन अर्धवट ओलीच पाहिली, कारण दुसऱ्याच दिवशी तिला नागपूरला जावं लागलं. तिच्या बहिणीचं ऑपरेशन होतं. जाताना मला बजावून गेली, "पाणी चुकवू नका." मी म्हटलं, "तुझे निताईदा येणारेत की रोज." 'तुझे' म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बॅग उचलली.

निताई रोज यायचा, सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतून जायचा. वैशाख होता, आमचं स्वयंपाकघर पश्चिमेचं. चौथ्या दिवशी, रविवारी, तो आला नाही. बजबजच्या लोकल बंद पडल्या होत्या. संध्याकाळी मी फोन लावला. खरखर, धड ऐकू येईना. मी ओरडलो, "निताईदा, जल?" तिकडून आवाज आला, "काल, दादा! काल!" आणि फोन तुटला.

आता विनोद असा. बंगालीत 'काल' म्हणजे आदला दिवसही आणि दुसरा दिवसही. हिंदीतल्या 'कल'सारखंच. आपल्या मराठी काना-मेंदूला मात्र काल म्हणजे कालच. तर मराठी काकांना वाटलं, पाणी काल देऊन झालंय, आजचा दिवस चालेल. आणि बिचारा मिस्त्री म्हणत होता, उद्या येतो! दोघं एकमेकांवर विसंबले आणि जमीन फुटली. हे मी साभिनय सांगतो, निताईचा आवाज काढतो, लोक हसून लोळतात. इथे नव्याने बदलून आलेली बँकेतली मुलं तर विशेष हसतात, कारण त्यांचं प्रत्येकाचं त्या शब्दावरून कधी ना कधी हसं झालेलं असतं.

आणि खरं काय ते आता सांगतो. मी त्या वेळी वीस वर्षं कोलकात्यात होतो. मिस्त्र्यांशी, दुकानदारांशी, शेजाऱ्यांशी सकाळपासून बंगालीच बोलत होतो. स्वप्नंसुद्धा अर्धी बंगालीत पडायची. 'काल' मला कळला नाही? नीट कळला. तो उद्या येणार, म्हणजे आजचं पाणी मी घालायचं, हे त्याने न सांगताही मला कळलं.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. दारात वाकून पोत्यावर हात ठेवला. कोरडं ठणठणीत, वर गरम. बादली तिथेच होती, नळ दोन पावलांवर. मी वाकलेलाच होतो. डोक्यात शुभदाचं वाक्य फिरत होतं, माणसं आणता, काम ते करतात. मी उठलो, हात धोतराला पुसला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन टीव्ही लावला.

केलं असं काहीच नाही. फक्त पाणी घातलं नाही.

सोमवारीही लोकल रखडत होत्या, निताई पोचला तो संध्याकाळी. पोतं उचललं आणि तसाच धरून उभा राहिला. मधोमध, कडेला, सगळीकडे जाळं. बारीकच, पण जाळं. तो खाली बसला. आमचं बोलणं अर्थात बंगालीत, मी मराठीत देतो.

"पाणी नाही दिलंत, दादा?"

"तूच म्हणालास काल. आमच्यात काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. मला वाटलं, दिलंयस तू."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने जे विचारलं त्याचं उत्तर मी विनोदात कधीच सांगत नाही. त्याने विचारलं, "पोत्याला हात लावून पाहिला होतात?"

मी म्हणालो, "हो. ओलं होतं."

का म्हणालो? खोटं एकदा तोंडातून निघालं की पुढचं आपोआप निघतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याचा तो पडलेला चेहरा आवडला. लिहितानाही लाज वाटतेय, पण आवडला.

तो बराच वेळ भेगांवरून बोट फिरवत बसला. "ओलं होतं," स्वतःशीच म्हणाला. मग म्हणाला की हे सगळं फोडून तो पुन्हा करून देईल. मी म्हटलं, नको आता, शुभदा यायच्या आत घर लागलं पाहिजे, टाइल घालून टाकतो. त्याने थापी धुतली, पिशवीत घातली आणि गेला. चहाला थांबला नाही.

टाइल बसवायला मी दुसरा मिस्त्री आणला. टाइल धरावी म्हणून खालच्या जमिनीला छिन्नीने टाचे मारतात. त्याने छिन्नी लावली तेव्हा मी ओरडलो, "टाचे नको!" जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरायला लावला आणि त्यावर माल घालून टाइल बसवून घेतल्या. मिस्त्री म्हणाला, "दादा, काही वर्षांत पोकळ वाजेल." मला काय तो सांगत होता! मी जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलो तेच. पण त्या लाल जमिनीवर छिन्नी पडताना मला बघवेना.

शुभदा आली, बदामी टाइल पाहून दारातच थांबली. मी झालं ते म्हणजे सांगायचं ठरवलं होतं ते सांगितलं. ती हसली नाही. फक्त म्हणाली, "निताईदांच्या हातून असं कसं झालं?" पहिल्यांदा तो विनोद म्हणून मी मंडळात सांगितला तेव्हा ती उठून पानं घ्यायला गेली होती. मी मात्र सांगत सुटलो. मंडळात, दुकानात, गिऱ्हाइकांकडे. गिऱ्हाईक हसायचं आणि विचारायचं, "म्हणजे तुमच्या स्वतःच्या घरातच त्याची जमीन फुटली?" मी म्हणायचो, "होतं असं कधीकधी." झालं! लाल जमिनीची कामं त्याला मिळेनाशी झाली. पुढे माझा फोन गेला तरी तो म्हणायचा, बरं नाही, दुसरा बघा. मीही दुसरा बघितला. त्याच्यासारखा मिळाला नाही, आणि मिळाला नाही याचं मला बरंही वाटायचं नाही, वाईटही वाटायचं नाही, म्हणजे मी तसं भासवायचो.

या उन्हाळ्यात आमच्या टाइल वाजायला लागल्या. मोरीपाशी एक इतकी हलायची की शुभदाचा पाय मुरगळला. तिचे गुडघे आता कुरकुरतात, म्हणून टाइल काढून नवीन काहीतरी घालायचं ठरलं. मिस्त्रीने पहिली टाइल उचलली, माल खरवडला, प्लास्टिकचा कागद ओढला. शुभदा शेजारीच होती. खाली लाल.

तिला वाटत होतं की फुटलेली जमीन मी तेव्हाच उखडून टाकली. ती गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसली आणि पदराने तो तुकडा पुसायला लागली. "अहो, ही तर आहे," म्हणाली. "अहो, ही आहे की इथे!" भेगा होत्या, पण बारा वर्षांत वाढल्या नव्हत्या. त्या किरकोळ आहेत हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मेण भरून, घासून दोन दिवसांत बुजल्या असत्या त्या. फोडण्यासारखं, झाकण्यासारखं काही नव्हतंच.

"निताईदांना फोन लावा," ती म्हणाली.

मी म्हटलं, आता तो काम करत असेल-नसेल. ती म्हणाली, "लावा तरी." लावला. इतक्या वर्षांनी त्याने आवाज लगेच ओळखला. मी थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "आगामी काल येतो."

आता बोलताना बंगाली माणूस सहसा असं म्हणत नाही. 'आगामी काल' बातम्यांत, छापील नोटिशीत. मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "तेव्हापासून मी नुसतं काल कधी म्हणत नाही, दादा. दुसरं कुणी फसायला नको. घरात नातवंडं चिडवतात, दादू रेडिओसारखं बोलतो म्हणून."

फोन ठेवला तेव्हा शुभदा विचारत होती, येणार का, कधी येणार. बारा वर्षं तो माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या भाषेत, जपून बोलत होता. माझ्या एका खोट्यापायी.

दुसऱ्या दिवशी तो आला. केस पांढरे, पण उकिडवं बसणं तसंच. तोवर सगळ्या टाइल निघाल्या होत्या. त्याने भेगांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मी नंतर लाल सोडलंच. बजबजला दगडी ठोकळे बसवतो, अंगणं, पायवाटा."

"का सोडलंस?"

"हात गेला असं वाटलं. एक दिवस पाणी उशिरा मिळालं तर इतकं होत नाही. तुम्ही म्हणालात पोतं ओलं होतं. म्हणजे मालातच खोट. सिमेंट जास्त पडलं असणार. किती वेळा आठवून पाहिलं, कुठे जास्त पडलं. सापडलं नाही. आणि सापडत नाही म्हटल्यावर दुसऱ्याच्या घरात कसं करायचं?"

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. शुभदा ओट्यापाशी चहा गाळत होती, तिला बंगाली येतं पण लक्ष नव्हतं. मी हळू आवाजात म्हणालो, "निताईदा, पोतं कोरडं होतं. मी हात लावून पाहिला होता. ठणठणीत कोरडं. बादली तिथेच होती. मी पाणी घातलं नाही. काल म्हणजे काय तेही मला कळलं होतं."

मला वाटलं, तो उठून जाईल. शिवी देईल. मी तयार होतो, देवाशपथ तयार होतो. तो जमिनीकडेच बघत होता. मग म्हणाला, "दिवसभर कोरडं?"

"हो. दुसऱ्या दिवशीही."

"दोन दिवस."

"दोन दिवस."

निताईदांनी तळवा पसरून जमिनीवर टेकवला आणि तसाच ठेवला. "मग माल बरोबर होता," ते म्हणाले. "वैशाखात दोन दिवस कोरडी राहिली आणि एवढंच झालं. माल बरोबर होता, दादा." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. त्यांनी मला का केलंत असं विचारलं नाही. मी तिथे आहे याचंच त्यांना भान नव्हतं. मी शेजारी बसून पाहत होतो आणि, काय सांगू तुम्हाला, त्याही क्षणी मी पूर्वीसारखाच जळत होतो. माझ्या कुठल्याही कामासाठी मी असा कधी रडलो नव्हतो.

"बौदी!" त्यांनी मोठ्याने हाक मारली. "बौदी, मालात खोट नव्हती!"

शुभदा गाळणं हातात घेऊन वळली. त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे? मग काय झालं होतं हो?" तिने मला विचारलं.